शाळा अंगणात आणणाऱ्या अनुताई वाघ



देवळाचे काम पूर्ण झाले की साऱ्या गावाला धन्यता वाटते, आणि ती वाटणे योग्यच आहे. अशा कामात कोणी रोख रक्कम देतो, कोणी सिमेंटच्या गोण्या देतो, कोणी आपली बैलगाडी नाही तर ट्रॅक्टर चार दिवस वाळूच्या खेपांना लावतो, आणि ज्याच्याजवळ यांतले काहीच नसते तो डोक्यावर पाट्या वाहतो. पावतीपुस्तकात सगळ्यांची नावे येत नाहीत. पण देवळाच्या भिंतीत सगळ्यांचे हात असतात.

अशा शुभप्रसंगी संतचरित्रावर व्याख्यान व्हावे अशी आपल्याकडे रीत आहे. आजचा विषय एका शाळा काढणाऱ्या बाईंचा आहे. हा विषय देवळात कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु देऊळ आणि शाळा यांचे नाते फार जुने आहे. सरकारी शाळा येण्यापूर्वी पंतोजींची शाळा भरे ती देवळाच्या ओवरीत, नाही तर कोणाच्या तरी पडवीत. पुढे लोकल बोर्डाच्या शाळा निघाल्या, त्यांतल्याही कित्येक स्वतःची इमारत होईपर्यंत देवळात, धर्मशाळेत किंवा चावडीत भरल्या. आजसुद्धा कितीतरी गावांत लहान मुलांची अंगणवाडी भरते ती देवळाच्या सभामंडपातच. तेव्हा सभामंडप नवा झाला, की त्यात मुलांची जागा कोणती, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो.

'अंगणवाडी' हा शब्द आता आपल्या तोंडी इतका रुळला आहे, की तो कोठून आला हे कोणी विचारीत नाही. तो आला आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यातून, बोर्डी आणि कोसबाड या गावांतून. तो आणणाऱ्या दोन थोर स्त्रिया म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी पद्मश्री अनुताई वाघ. त्यांतल्या अनुताईंनी १९४५ पासून १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे, गोरगरिबांच्या आणि आदिवासींच्या मुलांना शिकविले. उतारवयात त्यांनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मचरित्रात आपल्या कामाचा हिशेबही मांडला. त्या साऱ्या कामातून आपल्या गावाला काय घेता येईल, एवढेच आज पाहावयाचे आहे.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. अष्टविनायकांपैकी पहिला गणपती तो हाच. त्या काळच्या चालीप्रमाणे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, आणि सहा महिन्यांच्या आतच त्यांना वैधव्य आले. तेरा वर्षांच्या मुलीच्या कपाळी त्या काळी पुढचे आयुष्य कसे लिहिलेले असे, हे आपल्या आजीपणजीच्या तोंडून ऐकलेल्या मंडळींना सांगायला नको. स्वयंपाकघराचा कोपरा, आणि कोणाच्या तरी आश्रयाने काढावयाचे दिवस. अनुताईंनी मात्र पुन्हा पाटी हाती घेतली. त्या शिकल्या, शिक्षिकेची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, नाशिक जिल्ह्यात शाळेवर राहिल्या आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेच्या शाळेत नोकरी करू लागल्या. नोकरी सांभाळून रात्रीच्या शाळेत बसून त्यांनी मॅट्रिक केले. बी. ए. ची पदवी तर त्यांनी वयाची पन्नाशी उलटल्यावर घेतली. शिक्षणाचे दार बंद होणे म्हणजे काय, हे ज्या बाईने स्वतः सोसले होते, तीच पुढे इतरांच्या मुलांसाठी दारे उघडावयास निघाली.

पुण्यासारख्या शहरातली नोकरी, डोक्यावर छप्पर आणि महिन्याचा ठरलेला पगार. एवढे सारे सोडून १९४५ साली अनुताई ग्रामसेविकेच्या शिक्षणासाठी शिबिरात गेल्या. तेथे त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली. ताराबाईंना खेड्यात बालशिक्षणाचे काम सुरू करावयाचे होते आणि माणूस हवे होते. अनुताईंनी होकार दिला, आणि हातचे निश्चित सोडून पुढच्या अनिश्चिताला आपले म्हटले.

ताराबाईंची माहिती येथे थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण त्यांच्यावाचून अनुताईंचे कार्य ध्यानी येणार नाही. ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. त्या पदवीधर झाल्या त्या काळी स्त्रीपदवीधर बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. काही काळ राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या म्हणून काम केल्यावर १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. लहान मुलांच्या प्रेमापोटी वकिली बाजूला ठेवून त्यांनी १९२० साली बालमंदिर काढले. गुजरातेत लोक त्यांना कौतुकाने 'मूछाळी माँ' म्हणत. म्हणजे मिशा असलेली आई. गिजुभाई आणि ताराबाई यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मुलाला मारू नये, धाक दाखवू नये, त्याच्या हाताला काम द्यावे आणि त्याच्या गतीने त्याला शिकू द्यावे, हा त्या संघाचा विचार होता.

या विचाराचे मूळ इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे जाते. त्यांनी १९०७ साली रोम शहरातील एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की ती पद्धत गरिबांच्या मुलांसाठी जन्माला आली. परंतु आपल्या देशात ती आली ती महागड्या लाकडी साधनांसह, आणि बहुतेक शहरातल्या सुखवस्तू घरांच्या मुलांपुरती राहिली. मुंबईत दादरला शिशुविहार चालविताना ताराबाईंना हीच गोष्ट खुपत होती. एवढे चांगले शिक्षण शहरापुरतेच का असावे? मूल तर खेड्यातही जन्मते, आणि पाड्यावरही जन्मते. त्याच सुमारास महात्माजींच्या नई तालीमच्या विचारात शाळेच्या वयाआधीच्या मुलांच्या शिक्षणाचाही समावेश झाला होता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या, आणि १९४५ साली ग्राम बालशिक्षा केंद्राचा आरंभ झाला. सोबतीला होत्या पस्तीस वर्षांच्या अनुताई.

सज्जनहो, तो भाग त्या वेळी कसा होता हे समजल्याशिवाय त्या कामाची किंमत कळणार नाही. डोंगरउतारावर वारली आणि इतर आदिवासींचे पाडे. जमिनी बहुतेक सावकार-जमीनदारांच्या. वेठबिगार चालू होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायकोने वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबावयाचे, अशी 'लग्नगडी' नावाची रीत त्या मुलखात होती. त्याच १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांनी वेठीविरुद्ध मोठा लढा उभारला. ज्या घरात उद्याच्या भाकरीची शाश्वती नाही, त्या घराला 'मूल शाळेत पाठवा' असे सांगणे म्हणजे काय, याची कल्पना आपण करू शकतो.

अशा ठिकाणी बालवाडी उघडून मुले आपोआप येतील असे समजणे व्यर्थ होते. मुलांना बोलावावे तर ती नवख्या माणसाला पाहून पळून जात. आईबापांनाही विश्वास नव्हता. पांढरपेशा माणूस पाड्यावर आला, तर तो काही तरी घेण्यासाठीच येतो, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव.

येथे दोन वाटा होत्या. एक वाट सोपी. या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही, यांची मुलेच मंद, असा शेरा मारून फाईल बंद करावयाची. असा शेरा मारणारे तेव्हाही पुष्कळ होते आणि आजही आहेत. दुसरी वाट अवघड. मूल का येत नाही हे त्याच्या घरी जाऊन पाहावयाचे, आणि जी अडचण दिसेल ती शाळेने आपली समजून सोडवावयाची. ताराबाई आणि अनुताईंनी ही दुसरी वाट धरली. त्यांच्या साऱ्या कार्याचे सार या एका गोष्टीत आहे. बाकीचे सारे यातून निघाले.

पहिली अडचण अंतराची आणि भीतीची. तीन-चार वर्षांचे मूल घर सोडून लांब येणार नाही, आणि कामावर जाणारी आई त्याला पोचवूही शकणार नाही. मग बालवाडीच पाड्यावर गेली. कोणाच्या तरी झोपडीपुढचे सारवलेले अंगण, वर झाडाची सावली, आणि भोवती जमतील तेवढी मुले. ठरलेल्या वेळी बाई यावयाच्या, गाणी म्हणावयाच्या, गोष्ट सांगावयाच्या, खेळ मांडावयाच्या. म्हाताऱ्या आज्या दारात बसून पाहावयाच्या. चार दिवसांनी दुरून पाहणारी मुले जवळ सरकावयाची. हीच अंगणातली बालवाडी. आणि 'अंगणवाडी' हा शब्द आला तो येथूनच.

दुसरी अडचण गुरांची. सहा-सात वर्षांचा मुलगा झाला की तो गुरांमागे जावयाचा. सकाळी गेला की दिवेलागणीला परत. त्याला शाळेत बसविले तर गुरे कोणी राखावयाची? बाप मुलाचा शत्रू नव्हता. पण गुरे सुटली आणि दुसऱ्याच्या पिकात शिरली, तर दंड त्यालाच भरावा लागे. यावर उत्तर निघाले ते 'कुरणशाळा'. गुरे जेथे चरतात तेथेच शाळा न्यावयाची. बाई पिशवीत पाट्या, चित्रे आणि पुस्तके घेऊन कुरणात जावयाच्या. गुरे चरत असताना झाडाखाली अक्षरे गिरवावयाची, दगडांनी हिशेब करावयाचे, पक्षी, पाने, कीटक दाखवून सृष्टीचे ज्ञान द्यावयाचे. एखादे वासरू लांब गेले तर मुलाने उठून ते वळवून आणावयाचे आणि पुन्हा बसावयाचे. या शाळेला इमारत नव्हती आणि घंटा नव्हती. मुले मात्र होती.

तिसरी अडचण धाकट्या भावंडांची. घरातली सात-आठ वर्षांची मुलगी म्हणजे घरची दुसरी आई. तिच्या कडेवर कायम एक मूल. शाळेत यायचे तर ते मूल ठेवावे कोठे? आजही आपण हजेरीपत्रक काढून पाहिले, तर लावणीच्या आणि काढणीच्या दिवसांत मुलींच्या नावापुढे जास्त खाडे दिसतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. कोसबाडला यावर उपाय केला तो पाळणाघराचा. ताईने कडेवरचे बाळ पाळणाघरात द्यावयाचे, मधल्या भावंडाला बालवाडीत सोडावयाचे, आणि स्वतः प्राथमिक वर्गात बसावयाचे. सारे एकाच आवारात. १९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आले, आणि तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची एकत्र मांडणी झाली. तिचे नाव 'विकासवाडी'. जी दिवसा येऊच शकत नव्हती त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग होतेच.

आता साधनांचा प्रश्न. माँटेसरीच्या लाकडी पेट्या आणि ठोकळे विकत आणावयाचे तर पैसा कोठला? दोघींनी आजूबाजूला पाहिले. समुद्रकाठी शंखशिंपले होते. रानात बिया, गुंजा, चिंचोके, पाने, काड्या, बांबूचे तुकडे होते. ओढ्याला गुळगुळीत गोटे होते, आणि माती तर सगळीकडेच होती. लहान-मोठे शिंपले क्रमाने लावताना मूल आकार शिकते. चिंचोके मोजताना अंक शिकते. निरनिराळ्या पानांची जुळणी करताना डोळा शिकतो, आणि माती मळताना बोटे शिकतात. बोटे तयार झाली की लेखणी धरणे सोपे. जे साधन परदेशातून आणावे लागले असते, ते मुलाने स्वतःच खिशात भरून आणले. स्वतः जमवून आणलेल्या वस्तूवर मुलाचा जीव असतो, हा त्यातला आणखी एक फायदा.

स्वच्छतेची गोष्टही अशीच. अंगावर खरूज, डोक्यात उवा, नाकाला शेंबूड, अशा मुलाला पुष्कळ ठिकाणी दारातूनच परत पाठवितात. या शाळेत दिवसाची सुरुवात त्याच मुलाचे हातपाय आणि तोंड धुण्यापासून होई. नखे कापावयाची, केस विंचरावयाचे, जखम असेल तर औषध लावावयाचे. स्वच्छ हो आणि मग ये, असे मुलाला सांगावयाचे नाही. ये, आपण मिळून स्वच्छ होऊ, असे वागावयाचे. हे काम शिपायाचे की शिक्षिकेचे, असा वाद तेथे नव्हता. ज्या स्पर्शाने आईचा विश्वास बसतो तो स्पर्श आधी, आणि अक्षर नंतर, हा त्यांचा क्रम होता.

भाषेचेही तसेच. पाड्यावरचे मूल घरी आपली वारली बोली बोलते, आणि पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते. मूल गप्प बसले की गुरुजी म्हणतात, याला काही येत नाही. वास्तविक त्याला रानातल्या पन्नास झाडांची नावे येत असतात. विचारणाऱ्यालाच ती येत नसतात. मुलाची बोली ऐकून घेतली, त्याच्या ओळखीच्या वस्तूंवर गाणी आणि गोष्टी रचल्या, तर ते बोलू लागते. आणि बोलू लागलेले मूल शिकू लागते.

हे सारे ऐकताना सोपे वाटते. पण ते दोन-चार वर्षांचे काम नव्हते. उन्हाळ्यात पाडे ओस पडत, कारण माणसे मजुरीला बाहेर जात. पटावर नाव चढलेले मूल सहा महिन्यांनी दिसेनासे होई, आणि पुन्हा आले तर मागचे विसरलेले असे. भुकेल्या पोटी गोष्ट ऐकू येत नाही, हे शाळेला रोज दिसत होते. १९७३ साली ताराबाई निवर्तल्या, आणि कोसबाडच्या कामाचा भार अनुताईंवर आला. त्या वेळी अनुताईंचे वय त्रेसष्ट, म्हणजे नोकरदार माणसाने निवृत्तिवेतन घेऊन घरी बसण्याचे. त्या टेकडीवरच राहिल्या. बालवाड्या चालविणाऱ्या स्त्रियांना त्यांनी शिक्षण दिले, लेखन केले, आणि १९८२ साली प्रा. रमेश पानसे यांच्यासमवेत 'ग्राममंगल' ही नवी संस्था उभी केली. बहात्तराव्या वर्षी नवी संस्था काढणाऱ्या माणसाला थकवा ठाऊक नसावा असे वाटेल. पण खरे कारण असे, की मुले दरवर्षी नवी जन्माला येतात, त्यामुळे हे काम कधी संपतच नाही. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

अनुताईंच्या कार्याचे मोजमाप कसे करावयाचे? किती मुले डॉक्टर झाली आणि किती साहेब झाली, असा हिशेब पुष्कळ लोक मागतात. कोसबाडचा हिशेब निराळ्या वहीत आहे. ज्या पाड्यावरची मुले परक्या माणसाला पाहून पळत, त्या पाड्यावर मुले बाईंची वाट पाहू लागली, ही त्यातली पहिली जमा. ज्या मुलीच्या कडेवर मूल होते तिच्या हातात पाटी आली, ही दुसरी. आणि तिसरी जमा साऱ्या देशाच्या खात्यावर आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली, आणि गावपातळीवरच्या तिच्या केंद्रांचे नाव झाले 'अंगणवाडी'. डहाणू तालुक्यातल्या पाड्यावरचे अंगण त्या शब्दातून देशभर पोचले.

त्यानंतरही काळ पुढे गेला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण हा पाया आहे असे मान्य केले. ज्या गोष्टीसाठी या दोघी १९४५ साली पाड्यांवर हिंडल्या, ती आता सरकारी कागदावर आली आहे. हे चांगलेच झाले. परंतु गोष्ट कागदावर येणे आणि मुलापर्यंत पोचणे, यांत अंतर असते, हे तालुक्याला खेटे घालणाऱ्या कोणत्याही माणसाला पक्के ठाऊक आहे.

आता आपल्या गावांकडे वळू. अंगणवाडी म्हटले की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यांपुढे खिचडीचे पातेले येते. आहार महत्त्वाचा आहेच. तो नसता तर अनेक मुले आलीच नसती. परंतु तेथील सेविकाताईंकडे वजने घेणे, लसीकरणाला मदत करणे, गरोदर मातांच्या भेटी, सर्वेक्षण, आणि आता मोबाईलवर माहिती भरणे, अशी कामांची रांग असते. या सगळ्यातून मुलांशी खेळायला आणि गोष्ट सांगायला जो वेळ उरतो, त्यातला काही त्या देवळाचा कोपरा रिकामा होण्याची वाट पाहण्यात घालवितात. आज सप्ताह आहे, उद्या बैठक आहे, परवा लग्नाचे वऱ्हाड उतरले आहे. प्रत्येक वेळी आधी कोण उठते? मुले उठतात. कारण ती तक्रार करीत नाहीत.

आणि देऊळ नवे झाले की आणखी एक भीती असते. गुळगुळीत फरशी, रंगविलेले खांब, नवी दारे. मग हळूच कोणी तरी म्हणतो, पोरे घाण करतील, भिंतींवर रेघोट्या ओढतील, आता त्यांना दुसरीकडे बसवा. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. घामाच्या पैशाने झालेल्या वास्तूची त्याला काळजी असते. परंतु दुसरीकडे म्हणजे कोठे, हे ठरल्याशिवाय मुलांना उठविले, तर त्यांचे वर्ष बुडते. फरशी पुसता येते. तीन वर्षांच्या मुलाचे बुडालेले वर्ष कोणालाही परत आणता येत नाही. शाळेत पहिलीला जे मूल मागे पडलेले दिसते, ते बहुधा त्याआधीच मागे पडलेले असते.

यासाठी गावाने मोठा खर्च करावा असेही नाही. कोसबाडच्या कार्यातून निघणाऱ्या काही साध्या गोष्टी येथे सांगण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, अंगणवाडीला स्वतःची चांगली खोली होईपर्यंत सभामंडपाची सकाळची वेळ मुलांसाठी लिहून ठेवावी. तोंडी शब्दावर राहू नये. ग्रामसभेच्या किंवा देवस्थानच्या ठरावात ती वेळ यावी. ठराव असला की कोणाला कोणाशी भांडावे लागत नाही.

दुसरी, सभामंडपाबाहेर मुलांच्या उंचीला पोचेल असा एक नळ बसवावा आणि जवळच लहान मुलांना वापरता येईल असे स्वच्छतागृह असावे. पाय धुऊन आत आलेले मूल फरशी मळवीत नाही. भाविकांनाही त्या नळाचा उपयोगच होईल.

तिसरी, सतरंज्या, पाट्या आणि खेळणी ठेवायला कुलपाचे एक कपाट असावे. ज्या देणगीदाराला आपले नाव संगमरवरी पाटीवर घालावयाचे राहून गेले असेल, त्याने हे कपाट द्यावे. खेळण्यांसाठी पैसा लागतोच असे नाही. गावच्या सुताराने उरलेल्या लाकडाचे ठोकळे घासून दिले, म्हाताऱ्या मंडळींनी चिंचोके आणि बिया जमविल्या, शिवणकाम करणाऱ्या भगिनींनी चिंध्यांच्या बाहुल्या शिवल्या, तर पुष्कळ काम होते. आठवड्यातून एकदा एखाद्या आजीने तेथे जाऊन जात्यावरची गाणी आणि जुन्या गोष्टी सांगितल्या, तर त्यासारखी शिक्षिका दुसरी नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गावात जी मुले पटावर नाहीत ती कोणती, हे एकदा वाडीवस्तीवर फिरून पाहावे. ऊसतोडीला आलेल्या टोळीची मुले, वीटभट्टीवरची मुले, मेंढपाळांची मुले, शेतात गड्याच्या झोपडीत राहणारी मुले. ती आपल्या गावची नाहीत असे म्हणून चालणार नाही. ज्या दिवशी ती आपल्या शिवारात राहतात त्या दिवशी ती आपलीच. साखर कारखान्यांच्या आवारातल्या साखरशाळा आणि वीटभट्ट्यांवरच्या भोंगाशाळा याच विचाराने निघाल्या. मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे, हा कोसबाडचाच धडा. ते मूल का येत नाही, हे त्याच्या आईला एकदा विचारावे. उत्तर बहुधा साधे असते. वाटेत ओढा आहे, धाकटे भावंड आहे, अंगावर घालायला धड कपडा नाही, किंवा इतर मुले चिडवितात. यांतली एकही अडचण अशी नाही, की जे गाव देऊळ बांधू शकते त्याला ती सोडविता येऊ नये.

आणि शेवटची गोष्ट मानाची. गावात पाहुणा आला की सरपंच, पाटील, गुरुजी यांना पुढे बसवितात. अंगणवाडीच्या सेविकाताई आणि मदतनीस मागे उभ्या असतात. गावातल्या प्रत्येक मुलाचा हात आईनंतर पहिल्यांदा धरणाऱ्या याच स्त्रिया आहेत. त्यांना पुढची जागा मिळावी. मान दिला की कामाला बळ येते, आणि गावालाही आपल्या मुलांची किंमत कळते.

बंधूभगिनींनो, देवळाचा कळस लांबून दिसतो, म्हणून सगळ्यांचे लक्ष कळसाकडे जाते. पायाचे दगड जमिनीखाली असतात. ते कोणी पाहत नाही, पण कळस उभा असतो तो त्यांच्यावर. तीन ते सहा वर्षांची मुले म्हणजे गावाच्या पायाचे दगड. अनुताईंना तेराव्या वर्षी ज्या समाजाने कोपऱ्यात बसविले, त्याच समाजाच्या मुलांसाठी त्यांनी आयुष्याची सत्तेचाळीस वर्षे अंगणात बसून काढली. त्यांच्या नावाने पुतळा उभारण्याची गरज नाही. उद्या सकाळी दहा वाजता या नव्या सभामंडपात सतरंजी अंथरलेली असावी, तिच्यावर गावची आणि गावात आलेली सगळी मुले बसलेली असावीत, आणि त्यांच्या गाण्याचा आवाज गाभाऱ्यापर्यंत पोचावा. जीर्णोद्धाराला दिलेल्या प्रत्येक रुपयाचे आणि वाहिलेल्या प्रत्येक पाटीचे त्या दिवशी चीज होईल.

 गावातील एकही मूल अंगणाबाहेर राहू नये, हीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.